अप्पा, तुम्ही दमला नव्हता

अप्पा, गावात सांगतायत की तुमचं छातीतलं मशीन बंद पडलं. ते खरं नाही.

तुम्ही न्यूमोनियाने गेलात. लातूरच्या दवाखान्यात, दुपारी चारच्या सुमारास. श्वास थांबला, नाडी थांबली, आणि पडद्यावर मात्र सेकंदाला एक अशी बारीक उभी रेघ उमटत राहिली. तुमचा मुलगा महेश ती रेघ बघून सिस्टरला म्हणाला, "चालू हाय की. बगा तुम्ही, चालू हाय." सिस्टर वयाने मोठी होती. ती म्हणाली, "ते मशीन हाक मारतंय, दादा. हृदय ओ देत नाही."

तेव्हा बंद काय पडलं आणि चालू काय राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चौकातल्या लोकांनी पाहिलेलं नाही. तरीही त्यांचंच म्हणणं गावभर फिरतंय, आणि याला थोडा मीही जबाबदार आहे. तुमच्या हृदयाबद्दल या गावात पहिली चुकीची गोष्ट छापली ती मी.

त्याच दुपारी वॉर्डातला माणूस महेशला विचारायला आला होता. "मशीन काढून घ्यायचं का? जाळताना फुटतं ते." महेशला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "आमच्यात जाळत न्हाईत." म्हणून ते तुमच्याबरोबरच आलं. उदगीरला लिंगायतांच्या रुद्रभूमीत तुम्हाला बसवलं, कपाळावर विभूती, डाव्या तळहातात तुमचं गळ्यातलं इष्टलिंग, वर बेलाची पानं, आणि गळ्याच्या डाव्या हाडाखाली ती काड्यापेटीएवढी डबी. तुम्ही चारचौघांत सांगायचात, "डाव्या अंगाला कंपनीचं, मधी गुरूचं. दोघं भांडत न्हाईत." जंगमस्वामींनाही सांगितलं होतंत. ते हसले नव्हते. तुम्ही हसला होता.

तुमचा जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं यातलं काही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही वर्तमानपत्रांचे एजंट होता आणि मी तालुका वार्ताहर. एकतीस वर्षं मी लिहिलेलं तुम्ही वाटलंत. पहाटे गठ्ठे उतरायचे, तुम्ही बसस्टँडसमोरच्या फरशीवर ते सोडायचात, माझी बातमी आधी वाचायचात आणि मगच सायकलच्या पिशव्या भरायचात. चूक सापडली की माझ्या दारात अंक टाकताना घंटी तीनदा वाजायची. शेजाऱ्यांनाही ती खूण माहीत झाली होती.

दुष्काळाच्या ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात तुम्ही डेपोच्या फाटकात चक्कर येऊन पडलात. नाडी चाळीसच्या खाली गेली होती. लातूरला मशीन बसवलं, पेसमेकर. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. तुमचं हृदय धडधाकट आहे, फक्त ठोका कधी द्यायचा याचा इशारा त्याला वेळेवर मिळत नाही. माणूस चालला, पळाला की ठोके आपोआप वाढायला हवेत, तुमचे वाढत नाहीत. म्हणून मशीन असं बसवलंय की शरीर हललं की ते ओळखतं आणि वेग वाढवतं. निवांत असताना मिनिटाला साठ, जास्तीत जास्त एकशेवीस. दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा सायकलवर बसलात.

आणि देगलूर रस्त्याच्या चढावर पुन्हा चक्कर आली.

तो उन्हाळा मला तुमच्या खांद्यामुळे आठवतो. सायकलच्या हँडलला पाण्याचे दोन कॅन, मागे पेपर. चढ आला की तुम्ही उतरायचात, सायकल धरून उभे राहायचात आणि डावा खांदा वर-खाली, वर-खाली उडवायचात. दहा-पंधरा वेळा. मग पुन्हा सायकलवर. चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, "अप्पा, भाषण पाठ करायलाव का?" तुम्ही म्हणायचात, "न्हाई रे, इंजिनाला हँडल मारायलाव."

सगळे हसायचे. मीही हसलो. कुणीही, मी धरून, विचारलं नाही की हँडल मारल्यावर इंजिन चालू होतं का. ते होत होतं.

मी काय केलं, तर वही काढली. सवय ती. मनगटी घड्याळ लावून तुमची नाडी मोजली. ओट्यावर बसलेले असताना साठ. बसस्टँडपर्यंत चालत जाऊन आलात, शहाण्णव. सायकलवरून चढ चढून वर आलात, ओठ पांढरे पडलेले, बासष्ट. तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि खाली शेरा मारला की हृदय कमजोर, सायकल बंद करावी. वही तुमच्यापुढे धरली.

तुम्ही चष्मा वर सरकवून वाचलंत. "आकडे बरोबर हायत. खालचं चूक हाय."

"काय चूक आहे, अप्पा?"

"चालल्यावर शहाण्णव झाले ना? मग कमजोर कसं? चालताना अंग हालतंय. सायकलवर माझे पाय चालायलेत अन् छाती बसलीय. मशीन छातीत हाय, पायात न्हाई. त्याला वाटतंय मी गल्ल्यावर बसून पैसे मोजायलाव."

दहावी नापास माणसाने हे सांगितलं आणि पदवीधर माणसाने ते उडवून लावलं. "अप्पा, एवढं महागाचं मशीन, त्याला एवढं कळत नसेल का?" असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तुमच्या पेपरला तरी कुटं सगळं कळतंय?"

तपासणीचं यंत्र घेऊन कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा नांदेडच्या दवाखान्यात यायचा. पहिल्या खेपेला त्याने तुम्हाला व्हरांड्यातून चालवलं, यंत्रावर बघितलं आणि सगळं उत्तम आहे म्हणाला. तुम्ही म्हणालात, "साहेब, मी चालत न्हाई. मी सायकल चालवतो." तो म्हणाला, "काका, सायकल इथे कुठे आणू?"

दुसऱ्या खेपेला तुम्ही ती आणलीत. एसटीच्या टपावर चढवून, दोरीने बांधून, उदगीर ते नांदेड. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, नांदेडला सायकली मिळत न्हाईत का?" तुमचं उत्तर मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. "मिळतात की. पर माझं मशीन हिलाच वळखत न्हाई, तक्रार हिची हाय."

दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाभोवती तुम्ही सायकल फिरवलीत. सात फेऱ्या. ओपीडीतले लोक खिडकीला आले. उतरलात तेव्हा धापा टाकत होता आणि नांदेडच्या डॉक्टरांनी तिथेच मनगट धरलं. चौसष्ट. त्यांनी पुन्हा मोजली. चौसष्ट. मग कंपनीच्या माणसाकडे बघितलं आणि तो खाली बघायला लागला.

डॉक्टर भला माणूस. चूक कबूल करायला त्यांना वेळ लागला नाही. ते म्हणाले, "मशीन छातीचे हादरे मोजतं. तुम्ही सायकलवर फार ताठ बसता, अप्पा. छाती हलतच नाही."

"आपल्याला दुसरं बसताच येत न्हाई."

त्यांनी मशीन जास्त हळवं करून दिलं. वरून एक यंत्र छातीशी धरून, टाका नाही, सुई नाही. आता थोड्या हालचालीलाही ते वेग वाढवणार होतं. आणि त्यांनी एक सूचना केली. ती मी जशीच्या तशी देतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. "सायकल आता जमेल. पण खराब रस्त्यावर गाडीत बसलात तर गाडीच्या हादऱ्यांनाही मशीन फसेल. त्याला वाटेल तुम्ही पळताय. छातीत धडधडलं, घाबरं झालं, तर गाडी थांबवायची आणि खाली उतरायचं. एवढंच."

मी तिथे उभा होतो. मी ते ऐकलं. वहीत लिहूनही घेतलं. परतताना कंधारच्या पुढे एसटी खड्ड्यांतून आदळायला लागली तेव्हा तुम्ही मनगट माझ्यापुढे केलंत. एकशेबारा. "बसल्या जागी पळायलाव," तुम्ही म्हणालात, "तिकिटात दोन्ही आलं."

त्यानंतर देगलूर रस्त्याच्या चढावर तुम्ही उतरला नाहीत. खांदाही उडवला नाहीत. टपरीवाला म्हणाला, "अप्पा, भाषण झालं वाटतं?" तुम्ही घंटी वाजवत पुढे गेलात.

आपला दुसरा वाद जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून त्या वर्षी पुन्हा समिती उभी राहिली आणि तुम्ही तिच्यात. मी तुम्हाला आठवण करून दिली होती की लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. तुम्ही म्हणालात, "वाटले. उस्मानाबादपेक्षा लातूर जवळ होतं. आता लातूरपेक्षा उदगीर जवळ हाय. त्यात चूक काय?"

"अप्पा, जिल्हा झाला म्हणून नळाला पाणी येणार आहे का?"

"न्हाई येणार. पर टँकर मागायला पासष्ट किलोमीटर जावं लागणार न्हाई."

जिल्हा अजून झालेला नाही, आणि मागणी तुमच्याबरोबर पुरलेली नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

समितीने उदगीर ते लातूर सायकल फेरी ठरवली. जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायचं. तुमचं नाव सायकलवाल्यांच्या यादीत पहिलं होतं. मग समितीत कुजबुज झाली, हार्टचा पेशंट, काही झालं तर कोण निस्तरणार. महेश माझ्याकडे आला. "काका, तुमचं ऐकतील. जीपमध्ये बसवा." आपल्याकडे कुठलीही फेरी निघाली की पुढे भोंग्याची जीप असते आणि ड्रायव्हरशेजारी सगळ्यात वडीलधारा माणूस हार घालून बसवतात. ती मानाची जागा. नाही म्हणता येत नाही. मी तुमच्या घरी आलो आणि म्हणालो, "अप्पा, मान आहे, घ्या."

तुम्ही विचारलंत, "तुम्हाला नांदेडचं आठवतंय ना?"

"आठवतंय. पण पासष्ट किलोमीटर सायकल वेगळी."

मला आठवत होतं, हे खरं नव्हतं. मला फक्त हृदयरोगी हा शब्द आठवत होता. आणि हृदयरोग्याने बसावं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं.

सकाळी हार घातला. तुम्ही बसलात. मी मागच्या सीटवर. सायकलचं दुकान असलेले गफूरभाई इतरांबरोबर सायकलवर होते, पण निघण्याआधी त्यांनी तुमची सायकल जीपच्या टपावर बांधली. महेशने विचारलं तेव्हा म्हणाले, "अप्पाने बोला, बांध. मैं बांधा. मेरे कू क्या पूछता?"

नळेगावच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवला होता. जीप उडायला लागली. दहा मिनिटांत तुमच्या कपाळावर घाम, हात छातीवर, हाराची फुलं श्वासाबरोबर हलणारी. मी मनगट धरलं, एकशेअठरा. मागच्या मोटरसायकलवरून महेश ओरडला, दवाखान्यात घ्या, लातूरला घ्या, गाडी पळवा. आणि ड्रायव्हरने खरोखरच गाडी पळवली.

तुम्ही डाव्या हाताने त्याचं स्टिअरिंगवरचं मनगट धरलंत. "थांबव."

"अप्पा, दवाखाना..."

"थांबव म्हणतो ना. पळवशील तितकं ते पळंल."

गाडी थांबली. तुम्ही उतरलात, बाभळीच्या सावलीत उभे राहिलात, हार काढून जीपच्या आरशाला अडकवलात. कुणाला धरलं नाहीत. गफूरभाई सायकल टेकवून आले आणि महेशला म्हणाले, "ठहर. दो मिनट खडा रहने दे." पाच मिनिटांनी मी नाडी मोजली. सहासष्ट. चेहऱ्याचा रंग परत आला होता. तुम्ही टपाकडे बोट दाखवलंत.

"महेश, सायकल खाली घे."

"अप्पा, मरायचंय का तुम्हाला?"

"मरायचं असतं तर जीपमधी बसलो असतो."

तुम्ही ताठ बसलात आणि निघालात. गफूरभाई शेजारी. तुम्हाला पाठमोरं बघितलं ते शेवटचं, म्हणजे त्या दिवसापुरतं. मला बातमी पाठवायची होती. मी त्याच जीपने पुढे लातूरला गेलो आणि फोनवरून मजकूर सांगितला. त्यात एक ओळ होती, "प्रवासाचे श्रम न झेपल्याने एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची प्रकृती वाटेत बिघडली." नाव दिलं नव्हतं. उदगीरमध्ये नाव द्यायची गरज नव्हती.

तुम्ही कार्यालयाच्या फाटकाशी पोचलात तेव्हा मी तिथे नव्हतो. हे नंतर गफूरभाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गठ्ठा उतरला. तुम्ही रात्री ट्रकने परत आला होता. फरशीवर बसून गठ्ठा सोडलात, चौथं पान उघडलंत, ती ओळ वाचलीत. मग पिशव्या भरल्यात आणि सगळे अंक वाटलेत. तुमच्याबद्दलचं खोटं तुम्ही स्वतः घरोघर पोचवलंत, एकही अंक बाजूला न काढता. माझ्या दारात घंटी तीनदा वाजली. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही पायरीशी सायकल धरून उभे होता.

"खुलासा छापा."

"अप्पा, एवढ्याशा ओळीचा खुलासा कोण वाचतं?"

"जे ओळ वाचतात तेच."

"तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"म्हणून तर. नाव असतं तर मी एकटा दमलो असतो. आता समिती दमली." मग म्हणालात, "पहिल्या पानावर नको. चौथ्यावरच, खाली, डाव्या अंगाला. चूक जिथं, तिथंच."

मी जागा नाही म्हणालो. पुढच्या महिन्यातही जागा नव्हती. पुढे तुम्ही वर्षातून एकदा, फेरीच्या दिवशी, विचारायचात आणि मी वर्षातून एकदा जागा नाही म्हणायचो. चार वेळा. मधल्या काळात काय झालं ते तुम्ही कधी बोलला नाहीत, मी पाहिलं. समितीने सायकलवाल्यांच्या यादीतून तुमचं नाव काढलं. किराणा दुकानात तुम्ही गेलात की कुणीतरी स्टूल सरकवायचं. पाण्याचे कॅन लोक तुमच्या हातातून काढून घ्यायचे. ज्यांच्या घरी तुम्ही दुष्काळात कॅन पोचवले होते, तेसुद्धा. तुम्ही स्टुलावर बसायचा नाहीत. उभ्याने साखर मागायचात.

जागा नाही हे खोटं होतं, अप्पा. चौथ्या पानावर जागा नेहमी असते. खुलासा छापला असता तर मला हेही लिहावं लागलं असतं की डॉक्टरांची सूचना माझ्या वहीत होती, माझ्याच अक्षरात, आणि तुम्हाला त्या सीटवर बसवायला मीच आलो होतो. चार वर्षं मी ते टाळलं. तुम्हाला ते कळलं होतं, असं मला वाटतं. तरी तुम्ही माझ्या बातम्या वाटत राहिलात आणि चुका सापडल्या की घंटी वाजवत राहिलात. माझ्या हातून जे थोडंफार अचूक लिहिलं गेलं ते त्या घंटीच्या धाकाने. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. दवाखान्यात सांगता आलं असतं. तिथे मी एसटीच्या संपाबद्दल बोलत बसलो.

आता चौकात म्हणतायत, मशीन बंद पडलं. म्हणजे पुन्हा तेच, म्हाताऱ्याचं हृदय झेपलं नाही. यावेळी मी जागा मागितली नाही, घेतली. चौथं पान, खाली, डावीकडे. मजकूर असा आहे:

खुलासा. उदगीर ते लातूर सायकल फेरीच्या बातमीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची प्रकृती श्रमाने बिघडल्याचे म्हटले होते. ते चुकीचे आहे. त्यांना त्रास झाला तो जीपमध्ये बसवल्याने. खोदलेल्या रस्त्यावरचे हादरे त्यांच्या पेसमेकरला पळण्यासारखे वाटले. डॉक्टरांनी याची कल्पना आधीच दिली होती आणि ती वार्ताहराला माहीत होती. उतरल्यावर पाच मिनिटांत त्यांची नाडी पूर्ववत झाली. उरलेले अंतर त्यांनी सायकलवर पार केले व ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकाशी सातवे पोचले. ते दमले नव्हते.

सातवे हे गफूरभाईंकडून पक्कं करून घेतलं. मी पहिले लिहिलं असतं तर घंटी वाजली असती.

उद्या पहाटे गठ्ठा उतरेल. महेशने एजन्सी ठेवायचं ठरवलंय आणि तुमची सायकलही. पहिली पिशवी भरून झाली की एक अंक घेऊन मी रुद्रभूमीत येणार आहे. ती लातूर रस्त्याला लागून आहे आणि तिथला रस्ता अजून खराबच आहे. भरलेला ट्रक गेला की कुंपणाचे दगड थरथरतात. म्हणून मी नांदेडला फोन केला आणि डॉक्टरांना विचारलं, ते मशीन अजून चालू असेल का. ते म्हणाले, बॅटरी संपेपर्यंत, साठवर. मग विचारलं, ट्रकच्या हादऱ्याने वाढेल का. ते म्हणाले, "इतक्या मातीखाली पोचू नये खरं तर. पण अप्पांचं आपण फार हळवं करून ठेवलंय. सांगता येत नाही."

पक्कं नसलेलं मी छापत नाही. हे खुलाशात घेतलेलं नाही. अंक ठेवायला येईन तेव्हा एक ट्रक जाईपर्यंत थांबेन.